पैसे देणारा एक, घालणारा दुसरा: छापील टी-शर्टच्या धंद्यातल्या चुका

टी-शर्ट छापण्याचा धंदा सुरू करायला फारसं काही लागत नाही. एक हीट प्रेस (उष्णता देऊन छपाई कापडावर दाबणारं मशीन), बाहेरून छापून आणलेल्या डीटीएफ शीट (फिल्मवर छापलेलं डिझाइन, जे प्रेसने कापडावर चिकटवायचं), तामिळनाडूतल्या तिरुपूरचा कोरा माल आणि इन्स्टाग्रामवर एक पान. त्यामुळे दर जून-जुलैत नवी मंडळी उत्साहाने उतरतात आणि गणपती उठले की त्यातली बरीचशी दिसेनाशी होतात. विचारलं तर मशीनला दोष देतात, कापडाला देतात, मंडळांच्या उधारीला देतात. उधारीचं खरं आहे, त्याबद्दल शेवटी बोलू. पण मूळ दुखणं वेगळं आहे. या धंद्यात ऑर्डर देणारा माणूस आणि टी-शर्ट घालणारा माणूस बहुतेक वेळा एक नसतो. मंडळाचा अध्यक्ष, कंपनीतली एचआर, शाळेचे ट्रस्टी, लग्नघरातली हौशी वहिनी हे लोक रंग ठरवतात, मजकूर ठरवतात, पैसे देतात. ज्यांच्या अंगावर तो चढणार त्यांना कोणी काही विचारत नाही. मग तो कपडा एक दिवस, फोटोपुरता वापरला जातो आणि पुढच्या महिन्यात स्कूटर पुसायच्या कामी येतो. पुढच्या वर्षीची ऑर्डर तिथेच हातातून गेलेली असते.

पाठीचं होर्डिंग करू नका

सर्वात महागात पडणारी चूक ही, आणि ती छपाईच्या आधी होते. प्रायोजकाने पैसे दिले म्हणून पाठीवर वीतभर लोगो, त्याखाली दुसरा, मग बिल्डरचा, मग ज्वेलर्सचा, बाहीवर स्थानिक नेत्याचा हसरा फोटो. मंडळाचं नाव छातीवर डाव्या कोपऱ्यात, शोधावं लागेल असं. प्रायोजक खूश, अध्यक्ष खूश. कार्यकर्ता मात्र तो विसर्जनानंतर घालत नाही. का घालावा? त्यावर त्याचं स्वतःचं काय आहे?

माणूस अंगावर काय चढवतो याला आपल्याकडे फार अर्थ असतो आणि तो नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं होतं, की लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून, अंगावरच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते. ती पद्धत बदला. स्वतः ते सुटाबुटात राहिले. त्याच्या सहा वर्षं आधी, २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत गांधीजींनी उलट्या दिशेने पाऊल टाकलं आणि कमरेच्या पंचावर आले. दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की लोक आधी कपडा वाचतात, मग माणसाचं ऐकतात. टी-शर्टवर तर अक्षरंच असतात. लंडनमध्ये १९८४ साली कॅथरीन हॅम्नेट ही डिझायनर पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना भेटायला गेली ती क्षेपणास्त्रांविरुद्धची घोषणा ठळक अक्षरांत छापलेला टी-शर्ट घालून. तो फोटो जगभर गेला.

आपल्या गिऱ्हाइकाला थॅचरबाईंना भेटायचं नसतं, पण त्यालाही काहीतरी म्हणायचं असतंच. ढोल-ताशा पथकातल्या मुलीला ‘मी वादक आहे’ हे म्हणायचं असतं. सह्याद्रीत भटकणाऱ्या ग्रुपला कोणता ट्रेक कधी केला ते मिरवायचं असतं. सोसायटीच्या क्रिकेट टीममधल्या पन्नाशीच्या काकांना पाठीवर आपलं नाव आणि आवडता नंबर हवा असतो, आणि तो मिळाला की ते त्याच टी-शर्टात वर्षभर भाजी आणायला जातात. ऑर्डर घेतानाच विचारा: हा कार्यक्रमानंतर कोण, कुठे घालणार? प्रायोजकांची नावं पाठीच्या खालच्या बाजूला एका ओळीत, एकाच रंगात, सारख्या आकारात बसवता येतात. नाव जितके दिवस रस्त्यावर दिसेल तितका त्याचा फायदा, हे प्रायोजकाला समजावून सांगितलं तर तो सहसा ऐकतो. अध्यक्षांना पटवायला जास्त वेळ लागतो.

कापड ‘चांगलं’ नको, कामाचं हवं

‘जीएसएम किती?’ हा प्रश्न आता सगळेच विचारतात. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. रोजच्या वापराच्या गोल गळ्याच्या सुती टी-शर्टला १८० च्या आसपास ठीक असतं. २२०-२४० म्हणजे जाड, ओव्हरसाइज फॅशनचा माल. पण जाड म्हणजे भारी, असं समजून दहीहंडीच्या पथकाला २४० चा माल देणारे आहेत. पाण्याने भिजल्यावर तो अंगावर केवढा जड होतो, थरावर चढताना कसा ओढला जातो, याचा विचार कोणी करायचा? गोविंदांच्या टी-शर्टमध्ये आणखी एक बाब असते. वरच्या थरातला पोरगा खालच्याच्या खांद्यावर पाय ठेवतो. तिथे गुळगुळीत रबरी छपाईचा पट्टा ठेवणं हा सरळसरळ धोका आहे. खांदे कोरे सोडा.

मॅरेथॉनला, क्रिकेटला पॉलिस्टर: हलकं, लवकर वाळणारं. मिरवणुकीत दिवसभर राबणाऱ्याला सुती, बायोवॉश केलेलं. बायोवॉशमध्ये एन्झाइमने कापडावरची लव काढून टाकतात, म्हणून ते मऊ लागतं आणि गोळे कमी येतात. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटणार हे गृहीत धरा आणि कोऱ्या मालातला एक टी-शर्ट आधी घरी धुऊन, वाळवून, मोजून बघा. पुरवठादार ‘प्रीश्रंक आहे’, म्हणजे आधीच आटवलेलं आहे, असं म्हणतो, त्याला मान डोलवा आणि तरीही धुऊन बघा.

रंगाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे भावना असतात. भगवा आणि नारिंगी एक नव्हेत. मोबाइलच्या पडद्यावर पसंत केलेला भगवा प्रत्यक्षात डिलिव्हरी बॉयच्या गणवेशासारखा निघाला की मंडळाची पोरं नाराज होतात, आणि त्यांचं चुकत नाही. १४ एप्रिलच्या ऑर्डरमध्ये निळा कोणता, नेव्ही की रॉयल, हे कापडाचा तुकडा हातात देऊन ठरवा. शेडकार्ड दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दाखवू नका, रस्त्यावर उन्हात न्या. जेजुरीला जाणाऱ्या ग्रुपला पांढरा देऊ नका, भंडाऱ्याची हळद निघत नाही. गुलालाची मिरवणूक असेल तरी तेच. लग्नाच्या हळदीसाठी काळा सुचवलात तर घरातली आजी आधी तुमच्याकडे बघेल. संक्रांतीला मात्र हाच काळा हौसेने मागतात.

साईज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवू नका

ग्रुपवर यादी फिरते: नाव, पुढे साईज. सगळ्यांच्या देखत. ज्याला डबल एक्सएल लागतो तो एक्सएल लिहितो, काही तर एल लिहितात. माल आल्यावर तो पोटावर ताणला जातो, आणि दोष छापणाऱ्याच्या माथी येतो: ‘तुमच्या साईज लहान आहेत.’ प्रत्येकाकडून खासगीत मागवा, गूगल फॉर्मवर किंवा एकाच माणसाकडे. आणि अक्षर मागू नका, माप मागा. नीट बसणारा जुना टी-शर्ट जमिनीवर पसरायचा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं, दुप्पट करायची. हा आकडा खोटं बोलत नाही. एका कारखान्याचा एम दुसऱ्याच्या एलइतका निघतो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळासाठी माल पाठवत असाल तर तिथल्यांच्या मनातला एम आपल्या एमपेक्षा मोठा असतो, हे आधीच बोलून घ्या.

बायकांच्या मापांकडे तर सरसकट दुर्लक्ष होतं. सोसायटीच्या गणपतीत काकू-मावशी टी-शर्ट घेतात आणि घालत नाहीत; कारण तो आखूड असतो. दोन-तीन इंच लांबीचा फरक केला, किंवा त्यांच्यासाठी त्याच रंगाची, त्याच छपाईची कुर्ती दिली, तर त्या आरतीला रोज घालतात. लहान मुलांचं उलट: मोठ्यांच्या मापाची छपाई मुलांच्या छातीवर काखेपर्यंत पसरते. डिझाइन किमान दोन आकारांत काढून ठेवा.

प्रत्येक साईजचे दोन-चार नग जास्त छापा. शेवटच्या दिवशी कोणाचा तरी मेव्हणा येतोच.

अक्षरं मोडतात कुठे

मराठी छापणाऱ्याच्या वाट्याला ही डोकेदुखी खास येते. मंडळाचा मजकूर एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याकडे श्री-लिपीत टाइप झालेला असतो. तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर जे दिसतं ते कोणत्याच भाषेत नसतं. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असलं आणि सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असली, तर वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, रफार सुटतो, जोडाक्षरांचे पाय मोडतात. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची सुरुवातच ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ अशी आहे. हा शब्द मोडून छापलेले टी-शर्ट गडावर दिसतात तेव्हा ते घालणाऱ्या पोराची चूक नसते. उपाय साधा आहे. फायनल मजकूर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षराचं चित्र होईल आणि पुढे कुठल्याही मशीनवर बदलणार नाही. कर्व्ह करण्याआधी मात्र कोणाकडून तरी वाचून घ्या, कारण नंतर दुरुस्ती होत नाही.

वाचणारा माणूस शक्यतो मंडळाबाहेरचा असावा. ‘आर्शिवाद’, ‘दैदिप्यमान’, ‘उज्वल’ हे तीन शब्द दर हंगामात येतात. ‘आशीर्वाद’, ‘देदीप्यमान’, ‘उज्ज्वल’ असं दुरुस्त करून दिलं तर कधी कधी अध्यक्षच सांगतात की आमचं मागच्या वर्षी असंच होतं. तेव्हा त्यांना लेखी होकार मागा, बहुतेकदा तिथेच शब्द सुधारतो.

लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून घेऊ नका. तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर कडा फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, कोरलड्रॉची सीडीआर फाइल किंवा पीडीएफ असेल तर उत्तम. शिवजयंतीची ऑर्डर असेल तर तारखेची की तिथीची, हेही पहिल्याच फोनवर विचारा. १९ फेब्रुवारी आणि फाल्गुन वद्य तृतीया यांच्यात बऱ्याच दिवसांचं अंतर पडतं आणि डिलिव्हरीचं सगळं गणित त्यावर अवलंबून असतं.

काय छापू नये

महाराजांचं, बाबासाहेबांचं, विठ्ठलाचं चित्र कुठे येतं याची काळजी घ्या. छातीवर चालतं, पाठीच्या खाली, बाहीच्या टोकाला, बसल्यावर चुरगळेल अशा जागी नको. पुष्कळ लोकांना असं चित्र धुण्याच्या कपड्यावरच नको असतं. त्यांना किल्ल्याची बाह्यरेषा किंवा नुसती तारीख सुचवा, ती जास्त देखणीही दिसते.

पंधरा ऑगस्टच्या मालात कायदा आडवा येतो. राष्ट्रीय सन्मानांच्या अवमानाला प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार राष्ट्रध्वज कमरेखालच्या कपड्यावर वापरणं हा अवमान आहे, आणि कपड्याच्या कापडावर तो छापणं हाही. ध्वजावर अक्षरं लिहिणंही त्याच कायद्यात बसत नाही, आणि ध्वजाचं चित्रसुद्धा ध्वजच धरलं जातं. म्हणजे छातीवर ध्वज छापायची, पांढऱ्या पट्ट्यात मंडळाचं नाव घालायची फर्माईश आली तर नाही म्हणा.   चार सिंहांची राजमुद्रा तर खासगी टी-शर्टवर घेऊच नका.

आयपीएलच्या संघांचे लोगो, सुपरहिरोंची चिन्हं नोंदलेले ट्रेडमार्क असतात. ‘सगळेच छापतात’ हे खरं आहे आणि नोटीस आली की उपयोगाचं नाही. कवितांचंही तसंच. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आणि त्यांच्याच ओळी टी-शर्टवर हव्या असतात. पण ते १९९९ साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागते. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या ओळी कोणीही छापाव्यात. संतांच्या अभंगांना तर कोणाची आडकाठीच नाही.

छपाई बिघडली तर आधी हे तपासा

दोन-तीन धुण्यांत छपाईला तडे गेले: स्क्रीन प्रिंटच्या (जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईच्या) प्लास्टिसोल शाईला पूर्ण जाडीत साधारण १६० अंश सेल्सिअस उष्णता मिळायला हवी. वरून सुकल्यासारखी दिसते, आत कच्ची राहते. थंड झाल्यावर छपाई दोन्ही हातांनी ताणून बघा. चटकन फुटली तर कच्ची आहे. पावसाळ्यात कापडात ओल असते, तेव्हा उष्णतेचा बराच भाग ती वाळवण्यातच जातो.

लाल किंवा मरून टी-शर्टवरची पांढरी छपाई गुलाबी झाली: कापड पॉलिस्टर किंवा मिश्र आहे आणि त्याचा रंग उष्णतेने सुटून शाईत चढला आहे. वाईट म्हणजे हे लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उमटतं, म्हणजे माल पोचल्यावर. कमी तापमानाची शाई आणि खाली रंग अडवणारा थर घ्या, नाहीतर सरळ सुती कापड. नमुना छापून दोन दिवस ठेवून द्यायची सवय लावा.

डीटीएफच्या कडा उचलल्या: प्रेसचा दाब सगळीकडे सारखा आहे का, शिवण किंवा बटण मध्ये येतंय का, हे बघा. फिल्म गरम असताना सोलायची की गार झाल्यावर, हे फिल्मच्या प्रकारावर ठरतं. पुरवठादार बदलला की पुन्हा विचारा. छापण्याआधी टी-शर्ट काही सेकंद कोरा दाबून ओल काढा, आणि सोलल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा दाबा.

अनुस्वार गळाले: हेही डीटीएफचंच. फार बारीक रेषेवर आणि ठिपक्यावर चिकटवणारी पावडर पुरेशी धरत नाही. नाजूक फॉन्ट सोडा, मात्रा-अनुस्वार थोडे जाड करा.

छातीवर प्लास्टर बांधल्यासारखं वाटतं, अशी तक्रार आली तर डिझाइनमध्ये मोठा भरीव चौकोन आहे. त्यातून हवा जात नाही, घाम साचतो. मधून कापडाचा रंग दिसू द्या. भरीव छपाई हवीच असेल आणि नग शंभरावर असतील तर स्क्रीन प्रिंट करा. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून दहा-वीस नगांना ते परवडत नाही. सब्लिमेशन (उष्णतेने शाई थेट धाग्यात उतरवायची छपाई) सुती कापडावर करून बघू नका. ती शाई पॉलिस्टरलाच धरते आणि फिकट रंगावरच दिसते.

काळ्या टी-शर्टवर छपाईभोवती चौकोनी डाग दिसत असेल तर तो बहुधा प्रेसचा असतो. वाफ द्या किंवा एकदा धुवा, जातो. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नाही तर मात्र माल परत येतो.

पैशाचं

निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कोरा माल उचलू नका. ‘वर्गणी जमली की देतो’ हे वाक्य प्रामाणिकपणे म्हटलेलं असतं, पण वर्गणी आधी मांडववाल्याला आणि साउंडवाल्याला जाते. दर सांगताना जीएसटी धरून सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर तो ५ टक्के आहे. डबल एक्सएलच्या वरच्या मापांचे जास्तीचे पैसे ऑर्डर घेतानाच बोला, नंतर ते फार अवघड वाटतं. स्वतःच्या मजेशीर वाक्यांचे टी-शर्ट विकायचे असतील तर आधी चित्र टाकून मागणी बघा आणि आली तेवढेच छापा. पाच साईज गुणिले चार रंग गुणिले सहा वाक्यं, एवढा साठा घरातलं कपाट खातो.

आणि छापून झाल्यावर चूक सापडली तर? शाई कापडातून नीट काढता येत नाही. एखादंच अक्षर असेल आणि जागा सापडली तर वरून डीटीएफचा छोटा पट्टा बसवता येतो. जवळून दिसतो, फोटोत नाही. नाहीतर माल पुन्हा छापायचा. खर्च कोणाचा, हे प्रूफवर, म्हणजे छापण्याआधी मंजुरीसाठी पाठवलेल्या नमुन्यावर, कोणाचा होकार आहे यावर ठरतं. म्हणून प्रूफमध्ये पुढची बाजू, मागची बाजू, कापडाचा रंग, छपाईचा इंचातला आकार आणि प्रत्येक साईजचे नग असं सगळं एकाच पानावर पाठवा आणि ‘ओके, छापा’ असं उत्तर आल्याशिवाय प्रेस तापवू नका. नुसता अंगठा आला तर पुन्हा विचारा; ग्रुपवर तो कोणीही टाकतं.